चहाच्या पोत्यावरील बी.पी., ओ.एफ., पी.डी. या अक्षरांवरून चहाचा दर्जा ठरतो का?

खांडेपारकाठ (फोंडा) यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. फोंडा परिसरात माझे चहा-नाश्त्याचे लहानसे हॉटेल आहे. सकाळी भाजी-पाव आणि दुपारनंतर मिरची भजी यांसाठी गिऱ्हाईक येते, पण ते टिकते चहावर. त्यामुळे चहापूड घेताना मी शक्य तेवढी काळजी घेतो. अलीकडे मी पाकीटबंद चहा सोडून घाऊक व्यापाऱ्याकडून सुटा चहा पोत्याने घेऊ लागलो आणि तेव्हापासून माझ्या शंका वाढल्या आहेत.

पोत्यांवर बी.पी., ओ.एफ., पी.एफ., पी.डी. अशी अक्षरे छापलेली असतात. व्यापारी सांगतो की बी.पी. म्हणजे उत्तम, पी.एफ. म्हणजे मध्यम आणि डस्ट म्हणजे हलका माल. परंतु प्रत्यक्षात त्याच्याकडच्या एका डस्टचा चहा मला बी.पी.पेक्षा रंगाला गडद आणि तोंडाला अधिक कडक लागला. उलट एकाच मळ्याच्या बी.पी.च्या दोन पोत्यांत इतका फरक आढळला की गिऱ्हाइकांनी चहा बदलला का, असे विचारले. माझे एक जुने गिऱ्हाईक तर ठामपणे सांगते की डस्ट म्हणजे कारखान्याच्या जमिनीवरून झाडून गोळा केलेला कचरा असतो. तसे असेल तर तो मी लोकांना पाजणार नाही.

आणखी एक गोष्ट अशी की मे महिन्यात घेतलेले पोते जुलैपर्यंत पुरते, पण पाऊस स्थिरावला की त्याच पोत्यातला चहा मिळमिळीत लागू लागतो. दूध, साखर आणि पाणी यांत मी कोणताही बदल केलेला नसतो.

काळा चहा नेमका कसा तयार होतो, ही अक्षरे कोणत्या टप्प्यावर पडतात आणि विकत घेण्यापूर्वी माझ्यासारख्याने चहा कसा पारखावा, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

जुना ड्रायरवाला (मडगाव) यांचे उत्तर

वरच्या आसामातील एका चहामळ्याच्या कारखान्यात माझी बहुतेक नोकरी झाली; आता मडगावात स्थायिक आहे. तुमच्या व्यापाऱ्याचे म्हणणे सरसकट खरे नाही. ती अक्षरे दाण्याचा आकार सांगतात, चव सांगत नाहीत. आपल्याकडे काजूगराच्या डब्यावर डब्ल्यू १८०, डब्ल्यू २४०, डब्ल्यू ३२० असे लिहिलेले असते. एका पौंडात साधारण किती गर बसतात एवढेच त्यावरून कळते, गर ताजा आहे की खवट, ते कळत नाही. चहाचेही तसेच आहे. मात्र हे नीट पटण्यासाठी पान कारखान्यात आल्यापासून पोत्यात जाईपर्यंत त्याचे काय होते, ते पाहावे लागेल.

चांगल्या चहासाठी दोन कोवळी पाने आणि एक कळी एवढेच खुडतात. खुडणीची पाळी साधारण सात दिवसांनी येते. ती लांबली तर पान जून होते आणि मग कारखान्यात कितीही कौशल्य वापरले तरी कपात उतरायचे ते उतरत नाही. खुडलेले पान पोत्यांत दाबून भरले आणि ट्रकमध्ये तापले तर ते कारखान्यात पोहोचण्यापूर्वीच लालसर पडू लागते. देशातील निम्म्याच्या आसपास चहा आता लहान उत्पादकांच्या शेतांतून येतो आणि तो विकत घेऊन चहा बनवणारे कारखाने वेगळे असतात. तेथे पान किती हातांतून आणि किती तासांनी आले, यावर बरेच अवलंबून असते.

पानात वजनाच्या पाऊण हिश्शाहून अधिक पाणी असते. ते लांबलचक हौदांमध्ये जाळीवर पसरतात आणि खालून पंख्याने हवा सोडतात. याला विदरिंग म्हणतात, म्हणजे पान कोमेजवणे. साधारण १२ ते १८ तासांत पान मऊ पडते आणि मुठीत दाबले तर मोडत नाही. या काळात फक्त पाणी कमी होते असे नाही; पानातील प्रथिनांचे काही प्रमाणात विघटन होते आणि सुगंध देणारी द्रव्ये तयार होऊ लागतात. पावसाळ्यात हवाच दमट असल्याने गरम हवा मिसळावी लागते, आणि पान भराभर येत असते म्हणून घाईही होते. अर्धवट कोमेजलेले पान पुढच्या यंत्रात गेले की दाणा नीट बसत नाही.

येथून दोन वाटा फुटतात. ऑर्थोडॉक्स पद्धतीत पान रोलरखाली वळले जाते. त्याच्या पेशी फुटतात, पण पान मोठ्या प्रमाणात अखंड किंवा मोठ्या तुकड्यांत राहते. दार्जिलिंगचा चहा असा होतो. दुसरी वाट सीटीसीची, म्हणजे चिरडणे, फाडणे आणि वळवणे. हे यंत्र आसामातील आमगुरी मळ्यात विल्यम मॅकर्चर यांनी १९३०च्या दशकाच्या आरंभी बनवले. त्यात बारीक दात पाडलेले दोन रूळ एकमेकांविरुद्ध फिरतात आणि एकाचा वेग दुसऱ्याच्या सुमारे दहापट असतो. त्या फटीतून पान जाते तेव्हा ते एकाच वेळी दाबले आणि फाडले जाते. असे तीन ते पाच संच एकापुढे एक लावलेले असतात. शेवटच्या संचातून बाहेर पडते ते पान राहिलेले नसते. हिरव्या रंगाचा ओलसर, रवाळ चुरा असतो. भारतात होणाऱ्या चहापैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास चहा असाच बनतो आणि तुमच्या हॉटेलातला तर निश्चितच.

तुम्हाला एकाच मळ्याच्या दोन पोत्यांत फरक आढळला, त्याचे एक कारण या रुळांत असू शकते. रुळांचे दात ठरावीक काळाने पुन्हा धार लावून घ्यावे लागतात. दात बोथट झाले की पान कापले जाण्याऐवजी नुसते चेंगरते, दाणा गोल न होता चपटा निघतो आणि रस पूर्णपणे मोकळा होत नाही. हंगामाच्या गर्दीत धार लावायला यंत्र थांबवणे व्यवस्थापकाच्या जिवावर येते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

यानंतरचा टप्पा सर्वांत नाजूक असतो. कारखान्यात त्याला फर्मेंटेशन म्हणतात, परंतु त्यात यीस्टचे काम नसते. पेशी फुटल्यामुळे पानातील द्रव्ये आणि पानातीलच विकरे (एन्झाइम) एकत्र येतात, हवेतील ऑक्सिजनशी त्यांचा संयोग होतो आणि हिरवा चुरा तांबूस होत जातो. सीटीसीला यासाठी साधारण पाऊण ते दीड तास लागतो, ऑर्थोडॉक्सला त्याहून अधिक. हवा दमट आणि थंडसर ठेवावी लागते; २५ अंशांच्या आसपास तापमान असले तर बरे. तज्ज्ञ माणूस मूठभर चुरा नाकाशी नेतो आणि हिरवट, गवती वास जाऊन फळासारखा गोडसर वास आला की माल ड्रायरकडे पाठवायला सांगतो. दहा-पंधरा मिनिटे उशीर झाला तरी रंग गडद मिळतो, पण चहातील चटका निघून जातो.

ड्रायरमध्ये शंभर अंशांच्या वर तापलेल्या हवेने ही क्रिया थांबवतात आणि दाणा वाळवतात. बाहेर येताना त्यात सुमारे ३ टक्केच ओलावा उरावा अशी अपेक्षा असते. येथेही दोन प्रकारे माल बिघडतो. हवा कमी तापलेली असेल तर दाणा हळूहळू शिजतो आणि चहा मंद, बोथट होतो. हवा एकदम फार तापवली तर दाण्याची बाहेरची बाजू कडक होऊन आत ओल कोंडते. असा चहा कारखान्यात उत्तम दिसतो आणि काही आठवड्यांत उतरतो. तुमच्या पोत्यातील मालाचे असे काही झाले असण्याची शक्यता मी नाकारत नाही, तरी जुलैतल्या मिळमिळीतपणाचे मुख्य कारण साठवण हेच असावे.

आता अक्षरांकडे येतो, कारण ती येथे, अगदी शेवटी पडतात. वाळलेल्या चहातून प्रथम देठाचे तंतू काढतात. घर्षणाने विद्युतभारित झालेले प्लास्टिकचे रूळ चहावरून फिरतात आणि हलके तंतू त्यांना चिकटून वर येतात. मग सगळा माल निरनिराळ्या जाळ्यांच्या हलत्या चाळण्यांवरून जातो. सर्वांत मोठा दाणा ब्रोकन गटात येतो, म्हणजे बी.ओ.पी., बी.पी. आणि त्यांच्या लहान भावंडांमध्ये. त्याखालचा फॅनिंग्ज, म्हणजे ओ.एफ. आणि पी.एफ.; आणि सर्वांत बारीक तो डस्ट, म्हणजे पी.डी., डी., आर.डी., सी.डी. इत्यादी. सी.डी. म्हणजे चुरामणी डस्ट, हेही सांगून ठेवतो. हे नाव ऐकून नवखे लोक हसतात, पण ती व्यापारातील अधिकृत प्रत आहे. यांत ‘बी’ म्हणजे ब्रोकन, ‘एफ’ म्हणजे फॅनिंग्ज, ‘डी’ म्हणजे डस्ट आणि ‘पी’ म्हणजे पेको, हे चहाच्या व्यापारातील जुने नाव. ‘ओ’ म्हणजे ऑरेंज असला तरी संत्र्याचा अंश कोठेही नसतो.

म्हणजे एकाच दिवशी, एकाच पानापासून, एकाच ड्रायरमधून निघालेला माल चाळणीवर सहा-सात प्रतींत विभागला जातो. चांगल्या मळ्याचा डस्ट हा सुमार मळ्याच्या बी.पी.पेक्षा कितीतरी सरस असतो आणि लिलावात त्याला तसा भावही मिळतो.

तुमच्या गिऱ्हाइकाला एवढे अवश्य सांगा की जमिनीवर सांडलेला, झाडलेला आणि तंतूंचा माल ही वेगळी गोष्ट आहे. कायद्याच्या भाषेत त्याला टी वेस्ट म्हणतात. त्यासाठी १९५९पासून स्वतंत्र नियंत्रण आदेश आहे, त्याचा व्यवहार परवान्याखेरीज करता येत नाही आणि तो माल कॅफीन काढण्यासारख्या कामांसाठी जातो. डस्ट ही प्रत आहे. कोणी अप्रामाणिक माणूस टी वेस्ट डस्टमध्ये मिसळतो हे घडते, पण तो गुन्हा आहे आणि त्याचा ठपका डस्टवर ठेवता येत नाही.

परीक्षानळी (पर्वरी) यांचे उत्तर

वरील उत्तर कारखान्याच्या बाजूने परिपूर्ण आहे. मी रसायनशास्त्र शिकवते, म्हणून डस्ट गडद का लागला आणि पावसाळ्यात चहा का उतरला, या दोन प्रश्नांपुरतेच लिहिते.

हिरव्या पानात कॅटेचिन नावाची पॉलिफिनॉल द्रव्ये असतात. पान फुटल्यावर पॉलिफिनॉल ऑक्सिडेझ हे विकर त्यांवर काम करते आणि त्यांपासून प्रथम थिआफ्लेविन व पुढे थिआरुबिजिन ही द्रव्ये तयार होतात. थिआफ्लेविनमुळे चहाला तजेलदार सोनेरी झाक आणि जिभेला जाणवणारा चटका येतो. थिआरुबिजिनमुळे तांबडा-तपकिरी रंग आणि भरीवपणा येतो. वाळलेल्या चहात थिआफ्लेविन एक-दोन टक्क्यांच्या घरात असते आणि थिआरुबिजिन त्याच्या कितीतरी पट. ऑक्सिडीकरण लांबले की थिआफ्लेविन घटत जाते. म्हणून रंग गडद आहे याचा अर्थ चहा चांगला आहे असा होत नाही, आणि हॉटेलवाल्यांची सर्वाधिक फसगत येथेच होते. दुधाच्या चहासाठी तर थिआफ्लेविन महत्त्वाचे आहे. दुधातील केसीन हे प्रथिन पॉलिफिनॉलांना बांधून ठेवते. त्यामुळे ज्या चहात मुळात चटका कमी असतो तो दूध पडताच राखट, निर्जीव दिसू लागतो, आणि ज्यात तो पुरेसा असतो त्याचा रंग दुधानंतरही लालसर, तकतकीत राहतो.

डस्ट गडद लागण्याचे कारण मात्र साधे आहे. दाणा जितका बारीक तितके त्याचे एकूण पृष्ठफळ अधिक, त्यामुळे पाण्यात द्रव्ये लवकर उतरतात. तुम्ही बी.पी. आणि डस्ट सारख्याच वेळेत आणि सारख्याच चमच्याने बनवला असणार. चमच्यात डस्ट बसतो जास्त आणि उतरतोही वेगाने. दोन्ही तराजूवर तोलून घेतले आणि बी.पी.ला थोडा अधिक वेळ दिला, तर फरक बराच कमी होईल.

पावसाळ्याविषयी सांगायचे तर चहा हा फार आर्द्रताशोषक पदार्थ आहे. ३ टक्के ओलाव्याने निघालेला चहा आपल्या जुलैतील हवेत उघड्या पोत्यात राहिला तर त्याचा ओलावा थोड्या दिवसांतच दुप्पट होऊ शकतो. ओलावा ६-७ टक्क्यांच्या वर गेला की उरलेल्या क्रिया मंद गतीने पुन्हा सुरू होतात, थिआफ्लेविन घटते, सुगंध जातो आणि पुढे बुरशीचीही भीती असते. शिवाय चहा वास ओढतो. गोव्यात पावसाळ्याचे पुरुमेत (साठवणीचे जिन्नस) भरून ठेवतात त्याच खोलीत, म्हणजे सुके बांगडे, सोले आणि मिरच्या यांच्या शेजारी, चहाचे पोते ठेवणारी हॉटेले मी पाहिली आहेत. तेथील चहाविषयी अधिक काही लिहीत नाही. आपल्याला लागणारा आठवड्याचा माल हवाबंद पत्र्याच्या डब्यात काढावा आणि उरलेल्या पोत्याचे आतील प्लास्टिकचे अस्तर गाठ मारून, फळीवर, भिंतीपासून दूर ठेवावे. शक्य असेल तर पावसाळ्यात लहान पोतेच घ्यावे.

भेसळीची शंका असेल तर घरी करता येण्याजोग्या दोन तपासण्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने सुचवलेल्या आहेत. गाळण कागदावर थोडी चहापूड पसरून तिच्यावर पाणी शिंपडावे, मग पूड काढून कागद नळाखाली धुवावा आणि उजेडात धरून डाग पाहावेत. शुद्ध चहाचा डाग राहत नाही. वापरलेली पूड पुन्हा रंगवून मिसळली असेल तर काळपट-तपकिरी डाग पडतात. दुसरी तपासणी लोहचुंबकाची, जो पुडीवरून फिरवला असता लोखंडाचा कीस चिकटतो. सीटीसीचे रूळ झिजत असल्याने लोखंडाचे अगदी थोडे कण येणे शक्य असते, म्हणूनच कारखान्यात चुंबक बसवलेले असतात. पण चुंबकाला मिशा फुटाव्यात इतका कीस आला तर तो माल परत करावा. चहात वरून रंग घालण्यास आपल्याकडे कायद्याने मनाई आहे, हेही लक्षात असू द्यावे.

शुक्रवारपेठ (म्हापसा) यांचे उत्तर

मी चहाच्या व्यापारात आहे, त्यामुळे व्यापाऱ्याची बाजूही मांडली पाहिजे. प्रतीची अक्षरे चव सांगत नाहीत, हे मान्य. पण ती निरर्थक आहेत असा समज यातून होऊ नये. खरेदीदाराला समान आकाराचा दाणा हवा असतो आणि त्यामागे व्यवहार आहे. मोठा दाणा आणि भुकटी एकत्र भरली तर वाहतुकीत आणि हाताळणीत भुकटी तळाशी जाते. मग पोत्याच्या वरच्या थरातला चहा हलका आणि तळातला जहाल लागतो. माझ्या मते आपल्या दोन पोत्यांतील फरकाचे एक कारण हेही असू शकेल, कारण काही घाऊक विक्रेते बी.पी.चे भाव लावून त्यात पी.एफ. मिसळतात. पोते फोडल्यावर वरून, मधून आणि तळातून मूठ-मूठ काढून पांढऱ्या कागदावर शेजारी ठेवा. दाणे सारखे दिसले पाहिजेत.

भावाचे म्हणाल तर त्यात आवडीनिवडीचा वाटा मोठा आहे. केरळ आणि तमिळनाडूत डस्टला प्रचंड मागणी असते, कारण तेथे कापडाच्या गाळण्यातून झटपट उतरणारा कडक चहा लागतो. मोठा दाणा पाहून खूश होणारी गिऱ्हाइके दुसरीकडे आहेत. गोव्यात दोन्ही चालतात. घरगुती गिऱ्हाईक दाणेदार मागते आणि गाडेवाला भुकटी. म्हणून बी.पी. महाग असेल तर तो चवीला श्रेष्ठ आहे असे नव्हे, त्याला त्या आठवड्यात मागणी अधिक आहे, एवढेच समजावे.

अक्षरांपेक्षा पोत्यावरील इतर माहिती वाचायला शिका. मळ्याचे किंवा कारखान्याचे नाव, इनव्हॉइस क्रमांक आणि उत्पादनाचा काळ या तीन गोष्टी मी आधी पाहतो. कारखान्यात ठरावीक दिवसांत बनलेल्या एका प्रतीच्या मालाला एक इनव्हॉइस क्रमांक मिळतो आणि लिलावात त्या क्रमांकानुसारच बोली लागते. कोलकात्यातील लिलाव १८६१पासून चालत आलेला आहे. गुवाहाटी, सिलिगुडी, आणि आपल्या बाजूला कोची, कुन्नूर, कोईमतूर ही इतर केंद्रे. आता बोली संगणकावर लागते, पण त्याआधी चहा चाखणारे लोक प्रत्येक इनव्हॉइसचा नमुना तोंडात घेऊनच किंमत ठरवतात. एकाच मळ्याच्या बी.पी.चे दोन इनव्हॉइस अगदी निरनिराळ्या भावाने जातात, हे तेथे रोजचे आहे.

काळ यासाठी पाहायचा की आसामात मे-जूनमध्ये जी दुसरी बहर येते तिच्या चहाला जो भरीवपणा असतो, तो जुलै ते सप्टेंबरच्या पावसाळी मालात नसतो. पावसाळ्यात पान भरपूर फुटते, रस मात्र पातळ राहतो. तुमचे मे महिन्यात घेतलेले पोते कदाचित आदल्या वर्षीच्या शेवटच्या मालाचे असेल. उत्तरेकडील मळे हिवाळ्यात जवळजवळ बंद असतात आणि त्या काळात बाजारात जुना साठा फिरतो. निलगिरीत उत्पादन वर्षभर थोडेफार चालूच असते, त्यामुळे बारमाही एकसारखी चव हवी असलेला मिश्रणकार आसामचा कडकपणा आणि निलगिरीचा सुवास यांचे प्रमाण ऋतूनुसार बदलत राहतो. मोठ्या कंपन्यांच्या पाकिटातला चहा वर्षभर सारखा लागतो तो यामुळे. सुट्या चहात ही जबाबदारी तुमची आहे, आणि ती घ्यायची नसेल तर पाकीट सोडण्यात फार फायदा नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

खांडेपारकाठ (फोंडा)

तिघांचाही मी आभारी आहे. पोत्याच्या तीन थरांतून माल काढून पाहिला. वरच्या आणि तळाच्या मुठीत डोळ्यांना दिसण्याइतका फरक आहे, त्यामुळे पुढील खरेदीबाबत निर्णय घेणे सोपे झाले. कागदाच्या तपासणीत डाग पडला नाही. आता दोन गोष्टी विचारतो. चाखणारे लोक ज्या पद्धतीने चहा पारखतात ती माझ्या स्वयंपाकघरात करता येईल का? आणि मी स्वतःच बी.पी. व डस्ट यांचे मिश्रण केले तर चालेल का, की तळाशी भुकटी बसण्याची तीच अडचण पुन्हा येईल?

जुना ड्रायरवाला (मडगाव)

करता येईल, आणि प्रत्येक नव्या पोत्यासाठी करावीच. प्रयोगशाळांसाठी ठरलेल्या आंतरराष्ट्रीय मानकात १०० मिलिलिटर पाण्याला २ ग्रॅम चहा आणि ६ मिनिटे असे प्रमाण आहे. सोनारी कामाचा लहान तराजू आता सहज मिळतो. झाकण असलेल्या पांढऱ्या कपात चहा तोलून घ्या, खळखळ उकळलेले पाणी ओता, झाकून ठेवा आणि वेळ होताच गाळून घ्या. उकळत ठेवू नका, कारण उकळल्याने दोष झाकले जातात. नमुने शेजारी-शेजारी ठेवा आणि त्यांत सध्या चालू असलेल्या, समाधानकारक वाटणाऱ्या चहाचा एक कप नेहमी असू द्या. एकटा कप चाखून कोणालाही खात्रीने काही सांगता येत नाही, मलाही नाही.

प्रथम गाळणीत उरलेला चोथा पाहा. तो तांब्यासारखा चकाकणारा असेल तर फर्मेंटेशन वेळेवर थांबले. हिरवट असेल तर लवकर थांबवले गेले किंवा पान नीट कापले गेले नाही. काळपट, निस्तेज असेल तर उशीर झाला किंवा माल ड्रायरमध्ये शिजला. मग चमचाभर चहा आवाज करून ओढा, म्हणजे तो हवेबरोबर सगळ्या जिभेवर पसरतो. हिरड्यांना आणि गालांच्या आतल्या बाजूला चटका जाणवला पाहिजे. नुसता कडवटपणा घशाशी राहिला तर ते जून पानाचे लक्षण असते. यानंतर प्रत्येक कपात सारखेच, अगदी थोडे दूध घाला आणि रंग पाहा. परीक्षानळी यांनी लालसर तकतकीत रंगाविषयी लिहिले आहे तेच येथे शोधायचे. तुमच्या धंद्यात हा दुधाचा कप निर्णायक समजावा. तुमचे नेहमीचे पाणीच वापरा. नळाच्या पाण्याने पारखलेला चहा क्षारयुक्त विहिरीच्या पाण्यात वेगळा लागतो आणि वर साय धरल्यासारखा तवंग येतो.

मिश्रण अवश्य करा, पण पोतेभर करू नका. बी.पी. आणि डस्ट स्वतंत्र डब्यांत ठेवा आणि पातेल्यात टाकतानाच दोन्ही तोलून घ्या. म्हणजे भुकटी खाली बसण्याचा प्रश्न उरत नाही. बी.पी. आधी टाकून त्याला उकळीत थोडा वेळ द्या आणि डस्ट उतरवण्याच्या किंचित आधी घाला. आरंभी बी.पी. तीन भाग आणि डस्ट एक भाग घेऊन पाहा. भज्यांच्या वेळी गिऱ्हाईक कडक मागत असेल तर डस्ट वाढवता येईल. नव्या पोत्यातील मूठभर चहा इनव्हॉइस क्रमांक लिहून बाटलीत बंद करून ठेवा. पुढच्या खेपेस व्यापारी ‘माल तोच आहे’ असे म्हणाला तर ती बाटली आणि दोन कप त्याच्यापुढे ठेवता येतील.